बीपीची गोळी, पण कोणती?

मी टेल्मिसार्टन घेते. नवऱ्याला अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन. बोलताना दोघांच्याही 'बीपीच्याच गोळ्या', पण त्यांची शरीरातली कामं वेगवेगळी. म्हणून 'बीपीच्या गोळीबरोबर हे सप्लिमेंट चालेल का?' असं कुणी विचारलं की मी आधी गोळीचं नाव विचारते. त्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

मध्यंतरी ताईचा फोन आला. कमी सोडियमचं मीठ आणलं होतं तिनं. "अगं, बीपीवाल्यांसाठीच असतं हे. तूही घे."

"ताई, पाकिटाची मागची बाजू वाच बरं."

चष्मा सापडेपर्यंत शांतता. मग, "सोडियम क्लोराइड... पोटॅशियम क्लोराइड..."

तिथेच तिला थांबवलं. सोडियम कमी करायचं तर त्याच्या जागी बहुतेकदा पोटॅशियम घालतात. किडनी धडधाकट असेल आणि पोटॅशियम वाढवणारं औषध चालू नसेल, तर अशा मिठानं बीपी उतरायला मदतही होते. पण ताई घेते रामिप्रिल, त्यात मधुमेहामुळे तिची किडनी जरा नाजूक. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, माझी टेल्मिसार्टन या सगळ्या गोळ्यांमुळे अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन कमी होतं, आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला किडनीला तेच लागतं. स्पायरोनोलॅक्टोन तर अल्डोस्टेरॉनचा रस्ताच अडवते. त्यात वरून पोटॅशियम घातलं तर ते रक्तात साठत जातं. रिपोर्टवर साधारण ३.५ ते ५ ही हद्द असते. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर माणसाला काही जाणवेलच असं नाही. ताईनं पाकीट बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांकडून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी) या रक्ततपासण्या लिहून घेतल्या.

नवऱ्याचं गणित नेमकं उलटं. क्लोरथॅलिडोन पोटॅशियम बाहेर घालवते, कॅल्शियम मात्र धरून ठेवते. त्याच्या कॅल्शियम-डी३च्या गोळ्या चालू आहेत हे ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं आणि डोस कमी केला. बंद केला नाही. ज्येष्ठमधाच्या गोळ्यांना मात्र साफ नकार. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढवतं आणि पोटॅशियम आणखी उतरवतं. एकीकडे बीपी उतरवायची गोळी गिळायची आणि दुसरीकडे हे चघळत बसायचं!

लेबलवर ठळक न दिसणाऱ्या गोष्टीही बऱ्याच असतात. पाण्यात टाकली की फसफसणारी व्हिटॅमिनची गोळी घ्या. ते फसफसणं बहुधा सोडियम बायकार्बोनेटचं असतं आणि काही ब्रँडच्या एकेका गोळीत ३०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम निघतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. भाच्याच्या व्यायामाआधीच्या पावडरीत कॅफिन आणि सिनेफ्रिन होतं. दोन्ही बीपी चढवू शकतात. त्याला बीपी नाही, पण माझ्या नवऱ्यालाही एक चमचा देऊ करत होता. तो डबा मी उचलून ठेवला.

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती लोक मन प्रसन्न राहावं म्हणून घेतात. यकृत त्यामुळे काही औषधं झपाट्यानं निकालात काढतं. निफेडिपिन आणि व्हेरापामिल त्यातलीच. गोळी रोज घेऊनही बीपी चढंच राहिलं की लोक गोळीला नावं ठेवतात.

मॅग्नेशियम, लसणाच्या कॅप्सूल, एल-आर्जिनिन यांची गोष्ट निराळी. ही बीपी थोडं उतरवतात. गोळीच्या जोडीला ते जास्तच उतरलं तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मी डॉक्टरांना विचारून मॅग्नेशियम सुरू केलं, तेव्हा काही दिवस बीपी आधी बसून आणि मग उभं राहून मोजत होते. आकड्यांत फार फरक पडला नाही, म्हणून चालू ठेवलंय. साध्या मल्टिव्हिटॅमिनवर मी फार डोकं लावत नाही, फक्त त्यात पोटॅशियम किती आहे ते बघते.

आणि यातलं काही वाचून घाबरून बीपीची गोळी बंद करू नका. क्लोनिडिन, किंवा बीटा ब्लॉकर गटातली मेटोप्रोलोलसारखी गोळी एकदम सोडली तर बीपी उसळू शकतं, छातीतही दुखू शकतं. थांबवायचंच असेल तर आधी सप्लिमेंट थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना त्याची बाटलीच बरोबर न्या. "ती हिरव्या झाकणाची" एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.