आगपेटीभर मॉससाठी सदतीस दिवस

कीटक खाणाऱ्या वनस्पती मला एका सकाळीच सापडल्या. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कोथरूडहून पहाटे निघालो, चांदणी चौक, पौड करत ताम्हिणीच्या अलीकडच्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, चढलो आणि डबा उघडायच्या आत दवबिंदू आणि सीतेची आसवं या दोन्ही वनस्पती बघून झाल्या. सगळा वेळ खाल्ला तो भिंतीवर, खडकावर मखमलीसारखं पसरणाऱ्या मॉसने, म्हणजे मॉससाठी लागणाऱ्या कागदाने.

दवबिंदूला फोटोवरून नाव देता येतं. मॉसचं तसं नाही. बऱ्याच जातींमध्ये पानातल्या पेशींचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री होत नाही, आणि त्यासाठी चिमूटभर तरी घरी आणावं लागतं. वनजमिनीवरून चिमूटभर आणायचं तरी परवानगी हवी. हा नियम मला मनापासून मान्य आहे. सडे ओरबाडले जाताना मी पाहिले आहेत. म्हणून ७ ऑगस्टला रीतसर अर्ज घेऊन गेले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही.

अर्जात रकाना होता: प्रजातीचे नाव. मी लिहिलं, ‘मॉस, प्रजाती अज्ञात’. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, नाव लिहा. नावाशिवाय फाईल पुढे जात नाही.” मी म्हटलं, नाव कळावं म्हणूनच तर नमुना हवाय. ते म्हणाले, “मग नाव कळल्यावर या.”

दुसऱ्या खेपेला ‘शेवाळ’ लिहून नेलं. तर, शेवाळ पाण्यात असतं, तुम्ही जागा खडकावरची लिहिली आहे, ही त्रुटी. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. आपण मराठीत टाकीतल्या हिरव्या बुळबुळीतालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही. पण मॉसला खोडासारखा दांडा असतो, बारीक पानं असतात, मूळ मात्र नसतं. शाळेत ब्रायोफायटांना, म्हणजे मॉस ज्या गटात येतं त्या वनस्पतींना, ‘वनस्पतींमधले उभयचर’ म्हणून शिकवतात, कारण जमिनीवर वाढूनही फलनासाठी त्यांना पाणी लागतंच. हे सगळं मी त्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि अर्ज परत दिला.

तिसऱ्यांदा कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा वनखात्यातला नंबर, नव्हता म्हणून परत. चौथ्यांदा साहेब दौऱ्यावर. पाचव्यांदा फाईलच सापडेना, आणि मी पहिल्या दिवशी पोच घेतली नव्हती. आवक क्रमांकासह शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते. त्या दिवशी मी बाहेर पायरीवर येऊन बसले आणि अक्षरशः रडू फुटलं. पाऊस ओसरत होता. सड्यावरची माती जेमतेम काही बोटं जाड, उघडीप लागली की ती भराभर वाळते. एक हंगाम गेला की वर्ष गेलं.

कक्ष क्रमांकाचं कोडं शेवटी तिथल्या वनरक्षकाने दोन मिनिटांत सोडवलं. आधी त्यालाच भेटायला हवं होतं. जागा अभयारण्याच्या हद्दीत नाही ना, तेही त्याच्याकडूनच कळलं. हद्दीत असती तर अर्ज वेगळ्याच पातळीवर करावा लागला असता.

शेवटी मंजूर झालेला मजकूर जसाच्या तसा देते: ‘ब्रायोफायटा गटातील वनस्पती, प्रजाती निश्चितीसाठी, प्रत्येकी एक आगपेटीभर, एकूण १० नमुने, मुळासकट झाड उपटणार नाही.’ प्रमाण ठरल्यावर नावाचा आग्रह सुटला. १३ सप्टेंबरला पत्र हातात पडलं. सदतीस दिवस.

दवबिंदूबद्दल राहिलंच. जोराच्या पावसात जाऊ नका, केसांवरचा चिकट द्रव धुऊन जातो आणि समोर असूनही झाड दिसत नाही. दोन-तीन तास उघडीप झाली की सूर्याकडे तोंड करून गुडघ्यांवर बसायचं. तिरप्या उन्हात गवतामध्ये लालसर चमक दिसते. मी पाहिलेल्या झाडाच्या एका पानावर चिलट अडकलं होतं, त्याचे पाय अजून हलत होते. सड्यावरच्या या पातळ मातीत नायट्रोजन फार कमी, तो हे झाड असा मिळवतं.

सीतेची आसवं निळी-जांभळी, सहज दिसतात, पण त्यांचा किडे पकडायचा सापळा चिखलात असतो. उपटायचं नाही, म्हणून मला वाटलं तो दिसणारच नाही. तिथे म्हशी चारणारे एक मामा म्हणाले, “ताई, हितं बघा.” म्हशीच्या खुराच्या खळग्यात एक रोप सुटून तरंगत होतं. दहापट भिंगातून त्याच्या धाग्यांवर खसखशीएवढ्या पारदर्शक पिशव्या दिसल्या. किडा दाराच्या केसाला लागला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात.

मॉस प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्राच्या पुडीत सुकवा. नंतर पाणी घातलं की पानं पुन्हा उघडतात. चालताना खडकावर पाय ठेवा, ओल्या मातीवर नको.

दहा पुड्या ओळखीच्या प्राध्यापिकेकडे नेल्या. पायवाटेकडेच्या पुडीतलं पहिलंच निघालं फ्युनारिया हायग्रोमेट्रिका. त्याचा सुकलेला देठ पीळ घातलेल्या दोरीसारखा होता. बाईंनी त्याला ओल्या बोटाने स्पर्श केला आणि तो माझ्यासमोर हळूहळू उलगडत गोल फिरला, टोकाची वाकडी नासपतीसारखी बीजाणूंची बोंडी त्याच्याबरोबर. उरलेल्या नऊपैकी तीन ओळखली गेली आहेत. सहा पुड्यांवर अजून तारीख आणि कक्ष क्रमांक एवढंच लिहिलेलं आहे.