१२ व्होल्टच्या दिव्याचा रोध आणि शक्ती: मोजणीची नोंद

या टप्प्यात मोटारीच्या इंडिकेटरमध्ये असतो तो १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा मोजणीला घेतला आहे. दिव्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज आणि त्यातून वाहणारी धारा एकाच वेळी मोजायची, व्होल्टेजला धारेने भागून रोध काढायचा आणि दोहोंच्या गुणाकारातून शक्ती काढायची, एवढेच काम आहे. साध्या रोधकाऐवजी दिवा मुद्दाम निवडला, कारण त्यातली टंगस्टनची तार तापत जाते तसा तिचा रोध वाढत जातो आणि काढलेला आकडा नेमका कुठे लागू पडतो, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

जोडणीसाठी ० ते ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा पॉवर सप्लाय आणि दोन मल्टिमीटर वापरले. धारा मोजणारा एक मीटर, म्हणजे अँमीटर, १० अँपिअरच्या सॉकेटमधून दिव्याच्या एकसरीत जोडला. दुसऱ्याच्या, म्हणजे व्होल्टमीटरच्या, प्रोब (मोजणीच्या टोकदार तारा) थेट दिव्याच्या टोपीवर आणि बुडाच्या टाक्यावर टेकवल्या, सप्लायच्या टर्मिनलवर नव्हे. वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप यांचा मिळून ०.२ ओहम रोध धरला, तरी १.७५ अँपिअर धारेला ०.३५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सप्लायच्या पडद्यावरचा आकडा घेतला तर ते दिव्याच्या खात्यात जमा होतात. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्याने तो १२ व्होल्टला जेमतेम १.२ मायक्रोअँपिअर ओढतो, त्यामुळे अँमीटरचे वाचन त्याने बिघडत नाही. एक मेगाओहमचा रोधक मोजायचा असता, तर मात्र हीच जोडणी नऊ टक्क्यांनी कमी रोध दाखवते आणि तिथे व्होल्टमीटर अँमीटरच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला, घ्यावा लागतो.

आता वाचने. एका व्होल्टला ०.५५ अँपिअर धारा मिळाली, म्हणजे रोध १.८२ ओहम आणि शक्ती ०.५५ वॅट, तार तेव्हा काळीच दिसत होती. तीन व्होल्टला धारा ०.८१ अँपिअर, रोध ३.७० ओहम, शक्ती २.४३ वॅट आणि तारेला तांबूस उजेड. सहा व्होल्टला १.१९ अँपिअर, म्हणजे ५.०४ ओहम आणि ७.१४ वॅट. बारा व्होल्टला १.७५ अँपिअर, म्हणजे ६.८६ ओहम आणि बरोबर २१ वॅट. सहावरून बारा व्होल्ट केल्यावर धारा दुप्पट झाली नाही, जवळपास दीडपटच झाली, आणि शक्तीही चौपट न होता तिपटीच्या आसपास थांबली. ताडून पाहण्यासाठी १० ओहमचा सिमेंटचा रोधक याच जोडणीत लावला, तर दोन, चार आणि सहा व्होल्टला त्याने ०.२०, ०.४० आणि ०.६० अँपिअर धारा दिली, म्हणजे त्याचा रोध जागचा हलला नाही.

थंड तारेचा रोध मीटरच्या ओहमच्या रेंजवर मोजणे मला पटत नाही, कारण तिथे प्रोबचा रोध तारेच्या रोधात मिसळतो आणि इथे दोन्ही जवळपास एकाच मापाचे आहेत. म्हणून १०० ओहमच्या रोधकातून ५० मिलिअँपिअर धारा सोडली आणि दिव्याच्या टोकांवर २६.० मिलिव्होल्ट वाचले, रोध ०.५२ ओहम. या वेळी तारेत १.३ मिलिवॅट एवढीच शक्ती खर्च होते, त्यामुळे मोजणीनेच तार तापेल ही भीती उरत नाही. १२ व्होल्टला असलेला रोध याच्या तेरापट आहे आणि टंगस्टनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २५०० केल्व्हिन तापमानाला येते. केवळ दोन मीटरच्या भरवशावर तारेचे तापमान हाती लागावे, हे मला या छंदातले सर्वांत समाधान देणारे काम वाटते.

तार तापली की रोध बदलतो, याच कारणाने रोधाचा आकडा एका वाचनातून उचलून दुसऱ्या वाचनात वापरता येत नाही. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध या सूत्रात १२ व्होल्ट आणि थंड तारेचे ०.५२ ओहम घातले, तर शक्ती २७७ वॅट येते. दिवा लावण्याच्या पहिल्या क्षणापुरता तो आकडा अर्थपूर्ण आहे, कारण तेव्हा तार २३ अँपिअर मागते आणि तीन अँपिअरचा सप्लाय क्षणभर दबतो. जळत्या दिव्याची शक्ती मात्र तो सांगत नाही. विजेचा उगम स्थिर नसेल तर वाचनांची जोडी जुळत नाही, ही अडचण ज्याच्या नावावरून रोधाचे एकक आले त्या गेऑर्ग ओहमलाही आली होती. त्याच्या विद्युतघटांचे व्होल्टेज भाराखाली ढळत असे, म्हणून त्याने एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवलेले बिस्मथ-तांब्याचे तापयुग्म (दोन टोकांच्या तापमानातील फरकातून व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) घेतले आणि १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडला.

राहिला प्रश्न अचूकतेचा. माझ्या मीटरच्या माहितीपत्रकाप्रमाणे व्होल्टेजमध्ये ०.५ टक्के अधिक शेवटच्या स्थानाचे दोन अंक, आणि १० अँपिअरच्या रेंजवर २ टक्के अधिक तीन अंक एवढी चूक संभवते. १२.०० व्होल्टला ती ०.७ टक्के होते, पण १.७५ अँपिअरला ३.७ टक्के; भागाकार असो वा गुणाकार, दोन्ही टक्केवाऱ्या जास्तीत जास्त मिळवल्या जातात. म्हणून रोध ६.९ ओहम, अधिक-उणे ०.३, असेच लिहिणे योग्य आहे. पुढच्या टप्प्यात अँमीटर काढून ०.१ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा शंट रोधक, म्हणजे ज्याच्यावरच्या व्होल्टेजवरून धारा काढता येते असा छोटा रोधक, बसवणार आहे. त्यावर १७५ मिलिव्होल्ट मिळतील आणि ते मीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या रेंजमध्ये वाचता येतील. शंटमध्ये ०.३ वॅट शक्ती खर्च होईल. तो तापून स्वतःच सरकू नये म्हणून ५ वॅटचा घेत आहे.