आज ग्राँ पार्क पाहिलं

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या या वसाहतीत साठच्या दशकातल्या तीन लांबलचक इमारती, ५३० घरं. पाडण्याऐवजी वास्तुविशारद ॲन लाकातों आणि झाँ-फिलीप वासाल यांनी सहकाऱ्यांसोबत घरांना बाहेरून ३.८ मीटर खोल, उजेडाचे सज्जे जोडले. छोट्या खिडक्या जाऊन मोठी सरकती दारं आली. आणि काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहत होती! संक्रमण शिबिरात वाढलेल्या मला याचं किती अप्रूप वाटलं, काय सांगू. खाली उभी राहून कितीतरी वेळ वर बघत होते: कुंड्या, वाळत घातलेले कपडे, एका आजींची वेताची खुर्ची.

वास्तुकलेसाठीचं २०२१ चं प्रित्झकर पारितोषिक या दोघांना मिळालं. १९९६ मध्ये इथलाच लेओं ओकॉक चौक सुशोभित करायला सांगितला, तर त्यांनी सुचवलं, चौक सुंदरच आहे, फक्त निगा राखा. उद्या तिथे जाणार.