डोहाळजेवण झालं, कार्ड कुठं आहे?

सासर निपाणीला, माहेर गडहिंग्लजला. नाहीतर सासर खानापूर तालुक्यात, माहेर चंदगडला. सीमाभागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे सातव्यात ओटी भरली की लेक निघते. साड्या, लाडू बरोबर जातात. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, मात्र सासरच्या कपाटात राहतं.

महत्त्वाच्या तपासण्या नेमक्या याच दिवसांत येतात. 24 ते 28 आठवड्यांत शुगर बघायची असते: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, 2 तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटीच जायला हवं असं नाही. आकडा 140 किंवा वर आला की पुढचे उपचार सुरू. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनही 28व्या आठवड्याच्या सुमारासच. इकडच्या नर्सला वाटतं तिकडं झालं असेल, तिकडच्यांना वाटतं इकडं झालंच असणार.

म्हणून ओटीच्या आधीच उपकेंद्रात जाऊन नोंदी पूर्ण करून घ्या. कार्डाच्या प्रत्येक पानाचा, सोनोग्राफीच्या रिपोर्टचा आणि रक्तगटाच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मूळ कागद पिशवीत. माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंना कळवा. कार्ड कन्नडमध्ये आहे म्हणून लाजायचं कारण नाही. बीपी, एचबी (हिमोग्लोबिन), वजन यांचे आकडे महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनाही वाचता येतात. तिकडं नवं कार्ड निघालं तरी जुनं त्याच्या आत ठेवा. पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी किती होतं, हे त्या जुन्या कार्डावरूनच कळतं. त्याच्याशी ताडून पाहिलं तरच आताचं 140/90 नवं आहे की आधीपासूनचं, ते समजतं. 'सातव्यात पाय सुजायचेच' म्हणून घरी बसू नये. सुजेबरोबर डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सुरुवातीलाही एक अडचण आहे. 'तीन महिने कुणाला सांगू नका, नजर लागते.' शेजारणीला नका सांगू, पण आशाताईंना सांगा. बाळाचा मज्जारज्जू घडण्याचं काम पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांतच उरकतं, आणि फोलिक ॲसिड तेव्हाच पोटात असावं लागतं.

लोहाच्या लाल गोळ्या रोज एक, 180 दिवस. गोळ्या घरात असतात, खाल्ल्या जात नाहीत. शौच काळी होते म्हणून भीती, मळमळतं म्हणून कंटाळा, वर सासूबाईंचं 'बाळ मोठं होतंय, बाळंतपण जड जातंय'. काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह, घाबरू नये. गोळी रात्री जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तासांचं अंतर हवं. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वायाच जाते. एचबी 7 च्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबू नका, मोठ्या दवाखान्यात जावं लागेल.

आणि मिश्री. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की बाई 'नाही' म्हणते, कारण मिश्री तिच्या लेखी दात घासायची. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, बाळाचं वजन कमी भरतं. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या हातांनाही तंबाखू लागतेच. विचारायचंच असेल तर 'मिश्री दिवसातून किती वेळा?' असं विचारावं.

कणकुंबी, जांबोटीकडच्या गावांत बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमधली, म्हणजे भर पावसातली असेल, तर पंधरा दिवस आधीच खानापूर किंवा बेळगावात नातेवाइकांकडं मुक्काम हलवा.