हलकी ई-एमटीबी: शोध कुठवर आलाय

माझ्या ई-एमटीबीला (म्हणजे मोटर-बॅटरीवाली डोंगरी सायकल) बदली कुठली घ्यायची ते जवळजवळ ठरत आलंय म्हणून अपडेट टाकतोय. सध्याची २४ किलोची आहे आणि खरं सांगायचं तर चालवताना तिचं वजन कधीच खुपलं नाही, बॉशची ८५ न्यूटन मीटर टॉर्कवाली (म्हणजे फिरवायचा जोर) सीएक्स मोटर आहे, खाडीवरनं सड्यावर जाणारी कुठलीही चढण मुकाट चढते. खुपतं ते उचलताना. जयगड-तवसाळ नाहीतर दाभोळ-धोपावे फेरीबोट असेल तर काही टेन्शन नाही, उतारावरनं सरळ आत न्यायची, पण छोट्या तरीवर सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी चिखलातनं होडीत चढवायची म्हणजे दोन माणसं लागतात आणि तांडेल आधी सायकलकडे बघतो मग आपल्याकडे. पाखाडीच्या पायऱ्या तशाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कारचा टप.

टपावरचे कॅरियर बघायला लागलो तेव्हा एक आकडा डोक्यात बसला, थुलेचा प्रोराइड घ्या, एका सायकलला २० किलोची मर्यादा. म्हणजे २४ किलोची त्यावर बसतच नाही, बॅटरी काढली तरच. आता माझी ७५० वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) पॉवरट्यूब बॅटरी एकटीच सव्वाचार किलोच्या वर भरते, ती काढली की सायकल २० च्या काठावर येते. इथेच माझा सगळा हिशोब फिरला, कारण शोरूममधली १८ किलोची हलकी सायकल आणि माझी २४ ची यांतला फरक उचलताना तेवढा राहतोच असं नाही. स्पेशलाइज्डची लेव्हो एसएल हलकी खरी पण तिची ३२० वॉट-अवरची बॅटरी फ्रेमच्या आत, काढायची तर मोटर खाली उतरवावी लागते. म्हणजे टपावर बॅटरीसकट जाणार आणि घरी चार्जिंगला अख्खी सायकल प्लगपाशी. आमच्या पडवीत प्लग नाही, माजघरात चिखलाची सायकल आणली तर आई मला सायकलसकट अंगणात काढेल.

म्हणून पहिली अट आता बॅटरी निघते का ही, वजन दुसरं. ट्रेकची फ्युएल ईएक्सई (२०२२ ला आली ती) इथे बरी वाटते, टीक्यूची एचपीआर ५० मोटर जेमतेम १.८५ किलो, टॉर्क ५०, बॅटरी ३६० वॉट-अवर आणि ती स्क्रू सोडून खालून बाहेर येते. बॉशची एसएक्स मोटर ५५ न्यूटन मीटरची, साधारण २ किलो, सोबत ४०० वॉट-अवरची कॉम्पॅक्टट्यूब बॅटरी, पण तिथे बॅटरी निघणार की नाही हे फ्रेम कोणाची त्यावर आहे, त्यामुळे नुसतं मोटरचं नाव बघून घेऊ नका.

रेंजबद्दल विचारणारे बरेच आहेत, ३६० मध्ये काय होणार म्हणून. कागदावर मांडून बघितलं. मी, सायकल, पाणी, पंक्चरचं सामान धरून १०० किलो. एवढं वजन १०० मीटर वर न्यायला २७ वॉट-अवर लागतात, मोटरमधली गळती धरून ३५ म्हणा. आपले सडे काही सह्याद्री नाहीत, खाडीपासून वर शे-दीडशे मीटर आणि मग कातळावर सपाट. म्हणजे पाय न मारता सगळं मोटरवर टाकलं तरी ३६० मध्ये हजारेक मीटर चढ निघतो, आणि पाय तर मारणारच आहोत. जांभ्याच्या खडीवर थोडं जास्त जाईल, ठीक आहे. आंबा घाट किंवा आंबोली करायची असेल तर मात्र १६० वॉट-अवरची जादा बाटली-बॅटरी (पाण्याच्या बाटलीच्या जागी बसते ती) जवळ हवी. याच हिशोबात अजून एक गोष्ट कळली, सायकल ६ किलोने हलकी झाली तर चढावर फायदा फक्त ६ टक्के. तेव्हा हलकी सायकल पायांसाठी नाही, हातांसाठी आणि पाठीसाठी घ्यायची.

हलक्या मोटरची एक सवय मात्र लावून घ्यावी लागेल. एसएक्स पुण्यात एकाची चालवून बघितली, पाय भरभर फिरवले की जोर देते, सीएक्सवर जड गिअरमध्ये रेटत चढायची सवय असेल तर ती तिथे रुसते. ओल्या जांभ्यावर, शेवाळ धरलेलं असताना, भरभर पाय मारायचे आणि मागचं चाक सुटू द्यायचं नाही हे जमेल का ते बघायचंय.

दुबईचा मेहुणा म्हणाला विमानातून बॅगेत घेऊन येतो. बाबा रे, १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, सायकल येईल आणि बॅटरी तिकडेच राहील.

बॅटरी काढून टपावर न्यायची तर पावसात तिची रिकामी खाच आणि कनेक्टर झाकायला हवेत, नाहीतर खारी हवा आणि पाणी दोन्ही आत. सध्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वेल्क्रो लावून बघतोय, हायवेच्या स्पीडला फडफडतो. कोणी याला चांगलं कव्हर शिवून घेतलं असेल तर कापड कुठलं वापरलं ते सांगा. फ्युएल ईएक्सईची ट्रायल मिळाली की एखाद्या पाखाडीवर खांद्यावर घेऊन चढून बघणार आणि मगच पैसे.