तोफांची वही: विजापूर, एकदाची मलिक-ए-मैदान!

घरचे तोफा बघायला येत नाहीत (एकदा नेलं होतं, परत नाव काढत नाहीत), म्हणून एकटाच सोलापूरहून पहाटेची गाडी पकडली, शंभरेक किमी, ऊन चढायच्या आत विजापुरात.

गोलघुमट पटकन उरकला. म्हणजे 44 मीटर व्यासाचा घुमट आहे, बघायलाच हवा, पण वरच्या सज्जात (जिथे एका बाजूची कुजबूजही पलीकडे ऐकू येते) शाळेची सहल घुसलेली, कुजबूज कसली ऐकू येतेय, नुसता कल्ला. म्युझियमपुढच्या तोफांचे फोटो काढले नि रिक्षा करून सरळ शेरजा बुरूज.

मलिक-ए-मैदान फोटोत शंभरदा बघितली असेल, तरी समोर गेल्यावर दोन मिनिटं वही उघडायचंच सुचलं नाही. तोंडाशी सिंहाचा जबडा, जबड्यात चिरडलेला हत्ती. ओतीव काम, 1549 मध्ये महंमद बिन हसन रूमीने अहमदनगरला केलेलं, म्हणजे मूळची आपल्या नगरची. वजन 55 टन म्हणतात. हिच्यावर औरंगजेबाने विजापूर जिंकल्याचा लेखही कोरून घेतलाय. आणि इंग्रजांनी 1854 मध्ये लिलावात काढली तेव्हा बोली आली 150 रुपये! सौदा रद्द झाला म्हणून आज आहे.

आता खरी गंमत. लांबी जेमतेम 14 फूट नि नळीचा व्यास सव्वादोन फुटांच्या वर, म्हणजे लांबी व्यासाच्या फक्त सहापट. तिथून चालत उपली बुरुजावर गेलो (हैदरखानाचा, 1584, 80 फूट उंच, बाहेरून गोल जिना, दुपारी चढू नका, गुडघे बोलतात), तर वर लमछरी, लोखंडी पट्ट्यांवर कड्या ठोकून केलेली बांगडी तोफ, 30 फूट लांब नि नळी फूटभरच. तीसपट! एक आखूड रुंद, जवळ आलेल्यांना फोडायला, दुसरी लांबवर मारायला, आणि दोन्ही हाकेच्या अंतरावर. पुस्तकात आकडे वाचून हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी हाणून संध्याकाळी इब्राहिम रोजा (दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर). तिथे एकही तोफ नाही, तरी तासभर बसलो, दगडातली जाळीची अक्षरं बघत. तोवर फोनची बॅटरी मेली.

विजापुरातलीच आणखी एक तोफ, लांडा कसाब, बघायची राहिली. वहीत तिचं पान कोरं ठेवलंय. कोणाकडे तिचे बत्तीच्या छिद्राजवळचे फोटो असतील तर टाका ना.