तिकिटामागचा भागाकार

अण्णांना जठराचा कॅन्सर निघाला तेव्हा मला एकच आकडा ठाऊक होता, सीए १९-९, म्हणजे रक्तात बघतात तो कॅन्सरचा एक मार्कर, खूण. तो १८ आला. ३७ च्या आत म्हणून मी लगेच जिंतूरला फोन करून आईला सांगूनही टाकलं, "काळजी नको." घाईच केली.

डॉक्टरांनी त्या कागदावरून नुसती नजर फिरवली. लुईस रक्तगट निगेटिव्ह असलेल्यांच्या अंगात हा मार्कर बनतच नाही, बऱ्याच जणांत आजार असूनही तो वाढत नाही, आणि कावीळ झाली तर उगीच चढतो. त्यांनी बोट ठेवलं ते साध्या सीबीसीवर, रक्तपेशींच्या मोजणीवर. पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल ७९ टक्के, लिम्फोसाइट १३. "भागाकार करा. जास्त आला म्हणजे अंगात दाह जास्त." खाली अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन, २.९, म्हणजे कमीच.

संभाजीनगरहून परतताना जालना सोडल्यावर तिकिटाच्या मागं गणित मांडलं. सहाच्या थोडं वर. असा आकडा वर असलेल्यांचं पुढचं चित्र सहसा बरं नसतं, पण तो कल शेकडो पेशंटांचा. एकट्या अण्णांचं भविष्य त्यात नाही. उपचार ठरले ते स्टेज आणि बायोप्सीवरूनच: चार केमो, ऑपरेशन, पुन्हा चार.

मी मात्र आकड्यांच्या मागं लागलो. अण्णांचं दोन घासांतच पोट भरायचं. आई हुलग्याचं माडगं वाटीवाटीनं पाजायची, मी उकडलेली अंडी पुढं करायचो. दाह असेपर्यंत नुसत्या खाण्यानं अल्ब्युमिन चढत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी दर रिपोर्टला आधी तेच बघायचो.

दुसऱ्या केमोनंतर न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ७. साडेबारा! रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सिस्टरला कागद दाखवला तर ती हसलीच. "दादा, परवा पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलंय ना? न्यूट्रोफिल त्यानंच वाढलेत." केमोसोबतच्या स्टेरॉइडनंही हा आकडा फुगतो म्हणे. पुढचा अंदाज बांधायला बघतात तो मुख्यतः उपचाराआधीचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती.

चौथ्या केमोनंतर तीन आठवड्यांनी अल्ब्युमिन ३.६ झालं, वजन दोन किलोनं वाढलं. भागाकार मी केला नाही. अण्णांनीच विचारलं, "आज तिकिटावर काही लिहीत न्हाईस व्हय?"

ऑपरेशन मंगळवारी आहे. रक्त द्यायला गावातली पाच पोरं सोमवारच्या एसटीनं येतायत.